हात दिला तो मीच

९ फेब्रुवारी

प्रिय कृपाताईस सॅमूचा सलाम.

फोन तू उचलत नव्हतीस, आता तर तो लागतही नाही. जॉयस म्हणाली, "मामा, आईनं तुमचा नंबरच ब्लॉक केलाय." म्हणून कागदावर लिहितो. दूतावासाच्या थैलीतून हे पत्र दिल्लीला जाईल आणि तिथून टपालानं दौंडला. फाडायचं असेल तर फाड, पण वाचून फाड.

मोबाइलवर तू पाहिलास तो फोटो खरा आहे. लष्करी टोपीतला तो उंच माणूस म्हणजे कर्नल बेन्टो. त्याच्या हातात हात देऊन हसतोय तो मी. रुबेनला गोळी घातली ती त्यानंच, आणि हात देताना मला ते माहीत होतं. ज्या दिवशी तुझ्या पोराची पेटी दौंडला पोचली त्याच दिवशी हा फोटो पोचला. गिदोनभाऊजींनी कळवलं, मातीला येऊ नकोस. मी आलो नाही.

आपल्या दादांना शेवटपर्यंत माझी नोकरी कळली नाही. शिरूरला मिशन आवारात कुणी विचारलं की म्हणायचे, "पोरगा परदेशात दोन भांडणाऱ्यांच्या मधे खुर्ची टाकून बसतो." हसायचे सगळे. गेले दोन महिने मी खरोखर तेच करतोय, फक्त खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी गोळ्या येतात.

इथली लढाई तुला टीव्हीवर दिसली नसेल. या देशाचं सरकार एका बाजूला आणि त्याच सरकारचे फुटलेले कर्नल दुसऱ्या बाजूला. नाताळच्या आधी राजधानीत तोफा सुरू झाल्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाजीवाली बसायची, तिचा गाडा राहिला आणि ती राहिली नाही. प्रेतं उचलायला माणूस नव्हता. कुत्री रस्त्यात बसून खात होती आणि आम्ही खिडक्यांना गाद्या लावून दिल्लीला संदेश पाठवत होतो. राजदूतसाहेब आजारी होऊन आधीच परतले होते. त्यामुळे सगळं माझ्यावर आलं.

रुबेन कामाला होता तो साखर कारखाना राजधानीपासून दिवसभराच्या वाटेवर. बेन्टोच्या माणसांनी तो ताब्यात घेतला तेव्हा आत चाळीसेक आपली माणसं होती, बहुतेक शिरूर-दौंड-श्रीगोंद्याकडची. गाळपाच्या हंगामाला गेलेली. रुबेन मला फोनवर म्हणाला, "मामा, घाबरू नका, मी ह्यांच्याशी बोलतोय. मला यांची भाषा येती." ते आमचं शेवटचं बोलणं.

कारखान्याकडे पहिल्यांदा निघालो तेव्हा गाडीवर तिरंगा होता, छपरावर पांढरं कापड होतं. ड्रायव्हर मातेउस, इथलाच, तीन मुलींचा बाप. नाक्यावर त्यानं काच खाली केली आणि हसून नमस्कार केला. पोरसवदा शिपायानं त्याच्या तोंडातच गोळी घातली. मातेउस त्याच्या जमातीचा नव्हता म्हणून. माझा चष्मा रक्तानं भरला. मला दिसत नव्हतं आणि मी दोन्ही हात वर करून इंग्रजीत ओरडत होतो, "डिप्लोमॅट! डिप्लोमॅट!" त्यांनी मला ओढून काढलं, बंदुकीच्या दस्त्यानं पाठीत मारलं आणि उलट्या दिशेला चालायला लावलं. मातेउसला मी तिथंच सोडून आलो.

मी परत गेलो, ताई. तिसऱ्या खेपेला आत पोचलो. तोवर रुबेन नव्हता.

सॅमू


२ मार्च

प्रिय ताई,

जॉयस सांगते, पहिलं पत्र तू उघडलं नाहीस, कपाटात टाकलंस. हे त्याच्यावर टाक.

रुबेन कसा गेला ते तुला कुणी नीट सांगितलं नाही. कंपनीनं "चकमकीत मृत्यू" असं कळवलं. चकमक नव्हती. मला केंदूरच्या भिमाजीनं सांगितलं. तो तिथं फिटर होता, तुझ्या मुलाच्या शेजारच्या खाटेवर झोपायचा.

सैन्य शिरलं तेव्हा साहेबलोक पळून गेले. आपली माणसं उरली. कर्नलला कारखान्याची वीज हवी होती, त्याच्या छावणीसाठी. टर्बाइन चालवणारी माणसं म्हणजे आपली. सगळ्यांना साखरेच्या गोदामात कोंडलं, फोन काढून घेतले आणि सांगितलं, कुणाकडे फोन सापडला तर हेर समजू.

रुबेन त्या लोकांची भाषा शिकला होता. रविवारी तिथल्या चर्चमध्ये जायचा, त्यांच्या पोरांबरोबर गायचा. त्यामुळे पाणी मागायचं असो की औषध, सगळे त्यालाच पुढे करायचे. भिमाजी म्हणाला, "साहेब, आमच्यात वायरमन व्हता तो, पण त्या दिवसांत आमचा वकील झाल्ता. शिपायांशी हसून बोलायचा. त्येंच्या रेडिओची वायर जोडून दिली, तवा आमाला भाकरी मिळाली." माझं शिक्षण, माझ्या परीक्षा, ताई, आणि माझा भाचा हे काम गोदामात बसून माझ्यापेक्षा चांगलं करत होता.

निमोण्याचा पोपट त्यांच्यात सगळ्यात लहान. त्यानं फोन लपवला होता, आईशी बोलायला. शिपायांना तो फोन पोत्याखाली सापडला. त्यांनी सगळ्यांना अंगणात गुडघ्यांवर बसवलं. फोन कुणाचा, म्हणून एकेकाला लोखंडी सळईनं मारायला लागले. भिमाजीचा खांदा तिथंच निखळला. साखरेचा पाक शिजवणाऱ्या एका म्हाताऱ्या पॅनमनचे दात पडले. पोपट भीतीनं थरथरत होता, त्यावरून त्यांना कळलंच. त्याला केसांना धरून पुढे ओढला.

तेव्हा रुबेन उठून उभा राहिला. कर्नल समोर खुर्चीवर बसला होता. रुबेन त्याच्या भाषेत म्हणाला, "फोन सगळ्यांचा आहे. सगळ्यांना आया आहेत." आणखीही काही बोलत होता. कर्नलनं त्याला हातानं थांबवलं. म्हणाला, "इथं बोलणारा एकच." आणि बसल्या जागेवरून गोळी झाडली.

तो जागेवरच गेला, ताई. त्याला काही कळलंही नसेल.

पोपटला त्यांनी अंगणातल्या खांबाला बांधून ठेवलं.

तुझा मुलगा दुसऱ्याच्या पोरासाठी उभा राहिला. तुला सांगायला हे फार थोडं आहे, मला कळतं.

सॅमू


१९ मार्च

प्रिय ताई,

आता त्या फोटोचं सांगतो.

दिल्लीचा आदेश साफ होता. कर्नलला आपण मान्यता देत नाही. कागदावर सही करायची नाही, कुठलं आश्वासन द्यायचं नाही. पण माणसं आणायची. मग माझ्याकडे द्यायला उरलं काय? बेन्टोला एकच गोष्ट हवी होती. एखाद्या मोठ्या देशाचा माणूस आपल्याशी बरोबरीनं बसला, जेवला, हात दिला, हे त्याला जगाला दाखवायचं होतं. त्यानं निरोप पाठवला, जेवायला ये.

रुबेन माझा कोण, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. दिल्लीत एका वरिष्ठांना तेवढं माहीत होतं. ते म्हणाले, "दुसरा कुणी पाठवू का?" दुसरा तिथं पोचायला आठवडा लागला असता. आणि कर्नलला नातं कळलं असतं तर त्यानं मला सूड घ्यायला आलेला समजून सगळ्यांना मारलं असतं, नाहीतर मलाच ठेवून घेतलं असतं. मी म्हटलं, मीच जातो.

मॅनेजरच्या बंगल्यात टेबल मांडलं होतं. पांढरी चादर, काचेचे ग्लास, भाजलेलं बकरं. खिडकीतून गोदाम दिसत होतं. त्याच गोदामात एका कोपऱ्यात रुबेनला ताडपत्रीत गुंडाळून ठेवलं होतं, वर बर्फाच्या लाद्या. येताना शिपायांनी मला दाखवला होता, गोळी कर्नलनंच झाडली हेही सांगितलं होतं. मी वाकलो, चेहरा पाहिला, मान हलवली. "होय, हा आमच्या देशाचा नागरिक," एवढंच म्हणालो. माझा आवाज हलला नाही. त्या आवाजाची मला आजही किळस येते.

मागच्या अंगणात कुणाला तरी मारत होते. इथल्याच कुणाला. प्रत्येक फटक्याला किंकाळी यायची, मग ती बारीक होत गेली. कर्नल ताटात वाढत होता.

त्यानं विचारलं, "तुझं नाव सॅम्युएल. ख्रिस्ती आहेस?"

"हो."

"मीही. माझी आई रोज चर्चला जायची. मग जेवणाआधीची प्रार्थना तूच कर."

त्यानं टोपी काढली, डोळे मिटले, मान खाली घातली. त्याच्या अधिकाऱ्यांनीही. मी त्याला विचारलं, "माझ्या भाषेत केली तर चालेल?" तो म्हणाला, "देवाला सगळ्या भाषा येतात."

मग मी मराठीत बोललो, ताई. आपल्या शिरूरच्या चर्चमध्ये मातीच्या वेळी पाळकसाहेब जे म्हणतात ते सगळं म्हटलं, आठवेल तसं, सावकाश. नाव घेतलं नाही. नाव त्याला ओळखू आलं असतं. "कृपाताईचा मुलगा" म्हणालो. म्हणालो, हा माझ्या बहिणीचा पोरगा, ह्याला जवळ घे, ह्याची आई दूर आहे, मामा इथं आहे पण त्याला हातही लावता येत नाही. शेवटी माझा श्वास अडकला तेव्हा त्यांना वाटलं, हा फार श्रद्धाळू आहे. मी थांबलो. कर्नल मोठ्यानं म्हणाला, "आमेन." टेबलावरचे सगळे म्हणाले.

रुबेनची माती मी तिथं केली. दुसरी संधी मला कुणी देणार नव्हतं.

मग मी जेवलो. नाही म्हटलं असतं तर तो अपमान झाला असता. प्रत्येक घास मोजूनमापून गिळला. जेवण झाल्यावर पायरीवर उभं राहून त्यानं हात पुढे केला, फोटोवाला समोर होता. मी हात दिला. तो म्हणाला, "हस की." मी हसलो.

त्या संध्याकाळी दोन बसमधून आपली माणसं निघाली आणि ताडपत्रीतला रुबेन निघाला. पण टर्बाइनसाठी म्हणून त्यानं पाचसहा जण मागे ठेवून घेतले. पोपटला त्यात ठेवला. बसच्या काचेवर हात मारत तो पळत आला होता. शिपायानं त्याच्या पायावर दस्ता हाणला, आणि मी त्याच कर्नलचे आभार मानत बसमध्ये चढलो.

सॅमू


२८ एप्रिल

ताई,

डाव्या हातानं लिहितोय, अक्षर लागेल तसं लाव.

मागच्या महिनाअखेरीस सुट्टी मिळाली तेव्हा तुला न कळवता दौंडला आलो. कळवलं असतं तर तू दार लावून घेतलं असतंस. तू दार उघडलंस, मला वरपासून खालपर्यंत पाहिलंस आणि आत गेलीस. मी मागोमाग स्वयंपाकघरात आलो. तू पाठमोरी होतीस.

"कुठला हात दिलास त्याला?" तू विचारलंस.

"उजवा."

"ठेव ओट्यावर."

मी ठेवला. खलबत्त्यातला लोखंडी बत्ता तू उचलताना मला दिसला. मी हात काढला नाही. तू दोनदा मारलंस. पहिल्यांदा हाडाचा आवाज आला, दुसऱ्यांदा आला नाही. गिदोनभाऊजी धावत आले, त्यांनी तुला मागे ओढलं. जॉयस किंचाळत होती. आणि मग तूच भाऊजींचा हात झटकलास, जॉयसची फूटपट्टी घेतलीस, ओढणी फाडलीस आणि माझी बोटं बांधलीस. आयुष्यभर दवाखान्यात बांधतेस तशी. रिक्षात शेजारी बसून आलीस. डॉक्टरांना सांगितलंस, "दारात बोटं अडकली." प्लास्टर सुकायच्या आत निघून गेलीस.

मी रागावलेलो नाही, एवढंच सांगायचंय.

त्यानंतर बोलणी झाली. शेजारच्या देशात एका हॉटेलात, सरकार एका बाजूला, कर्नल दुसऱ्या बाजूला, मधे आम्ही चार देशांचे लोक. आपल्याला बोलावलं कारण कर्नल म्हणाला, तो भारतीय असेल तरच मी येईन. त्याला मी आवडलो होतो.

पहिल्या दिवशी त्यानं हात पुढे केला. मी प्लास्टर दाखवलं. "काय झालं?" त्यानं विचारलं. "पडलो," म्हणालो. तीन दिवस मी त्याच्यासाठी पाण्याचे ग्लास सरकवले, त्याचे शब्द सरकारकडे आणि सरकारचे त्याच्याकडे नेले, धार बोथट करून. तो सरकारच्या मंत्र्याला म्हणाला, "तुझ्या भावाचं डोकं मी खांबावर लावलं." मी मंत्र्याला तेवढंच सांगितलं की कर्नल आपल्या ताकदीची आठवण करून देतायत. माझी नोकरी ही अशी. चौथ्या दिवशी निरोप आला. पोपट आणि बाकीचे विमानात बसले, विमान उडालं.

मी कर्नलच्या खोलीत गेलो. एकटाच.

म्हणालो, "हात पडून मोडलेला नाही. बहिणीनं मोडला. तुला दिला म्हणून."

"का?"

"गोदामाच्या अंगणात बोलायला उभा राहिलेला मुलगा तिचा. माझा भाचा."

कर्नलचा हात कमरेकडे गेला, पण हत्यारं खालीच काढून ठेवली होती.

"तू माझ्या टेबलावर जेवलास," तो म्हणाला.

"जेवलो."

"सुरी होती तुझ्या हातात."

"होती. मग बसमधली माणसं घरी कुणी नेली असती?"

तो उठून खिडकीपाशी गेला, पाठ भिंतीला लावून उभा राहिला. मी दाराबाहेर जाईपर्यंत त्यानं माझ्यावरची नजर काढली नाही. घाबरला होता. मला त्यातून जेवढं मिळेल असं वाटलं होतं तेवढं मिळालं नाही.

त्यानं करारावर सही केली. आठवडा व्हायच्या आत त्याच्या माणसांनी नदीकाठचं एक गाव जाळलं. दिल्लीहून मला विचारणा आली आहे, कर्नलशी खाजगीत काय बोललास म्हणून. बहुतेक इथून हलवतील.

पोपट एव्हाना निमोण्याला पोचला असेल.

सॅमू


१६ मे, दौंड

सॅमू,

सलाम.

तुझी चारी पत्रं एकदम वाचली. पयली तीन कपाटात तशीच व्हती. निमोण्याहून सखूबाई आली नसती तर आजून उघडली नसती.

सखूबाई म्हंजी पोपटची आई. सकाळच्या एसटीनं आली. दारातच माझ्या पायावर पडली. मी तिला उठवलं. म्हणाली, "बाई, माझ्या पोराच्या जागी तुमचं गेलं. मी कुठल्या तोंडानं येऊ, पण आले." मी तिला चहा दिला. मग ती म्हणाली, "तुम्ही नर्स हायसा. एकदा येऊन बघा. पोरगं खाटंखालनं निघत न्हाई. दार वाजलं की शिरतंय."

गेले मी. तुझे भाऊजी पण आले.

पोपट खाटंखाली व्हता, भिंतीला चिकटून. पाय अजून सुजलेला, पाठीवर भाजल्याचे डाग. त्यांनी त्याला बिड्यांनी भाजलंय. मी खाली जमिनीवर पडले त्याच्या बाजूला, हात न लावता. म्हटलं, मी रुबेनची आई. लई वेळानं बोलला.

प्रार्थनेचं आधी सांगते. तू केलीस ते बरं केलंस. पण त्यानं आमेन म्हणायला नको व्हतं. माझ्या पोराच्या मातीला त्याचा आवाज लागला, ते मला सोसत न्हाई. तुझ्या हाताचं मला वाईट वाटतं आन् न्हाई पण वाटत. दोन्ही खरं हाय. प्लास्टर काढल्यावर कोमट पाण्यात बोटं हलवत जा, रोज. नाहीतर आखडतील.

आता दुसरं.

तू लिहिलंस, तो जागेवर गेला, त्याला कळलं पण नसेल. पोपट त्याच अंगणात खांबाला बांधलेला व्हता. तो म्हणतो, गोळी पोटात लागली व्हती. तो म्हणतो, ऊन उतरेपर्यंत रुबेन जिता व्हता. कुणाला जवळ जाऊ देत नव्हते. हाका मारत व्हता, म्हणतो. कुणाला, ते सांगायला लागला आन् परत भिंतीकडे वळला.

मी भिमाजीला फोन लावला. आधी न्हाई न्हाई म्हणाला. मग रडायला लागला. म्हणाला, "साहेबांनी सांगू नका म्हटलं व्हतं, ताई."

'जागेवरच गेला' लिहिलंस त्या दोन ओळींचं तुझं अक्षर बाकीच्यांपेक्षा लई चांगलं आलंय, सॅमू. दादांना पण असंच फसवायचास, लहानपणी. सुवाच्य अक्षरात.

तू तिकडं मंत्र्याला एक सांगतोस, कर्नलला एक सांगतोस. तुझं काम हाय ते, त्यानं पोपट घरी आला, मला समजतं. सखूबाईला पण मी तेच सांगितलं, माझ्या भावानं आणला म्हणून. पण मी तुझा मंत्री न्हाई. माझ्यापाशी धार बोथट करून आणू नकोस. तीस वर्षं मी दवाखान्यात माणसं मरताना बघितली, पोटात लागलेला माणूस कसा जातो ते मला ठाऊक हाय. रोज रात्री मी ते माझ्या मनानं बघते. त्यापरीस खरं बरं.

सुट्टी काढ आन् ये. मी मारणार न्हाई. भाऊजी बाहेर बसतील, जॉयसला मी पाठवून देईन. तू आन् मी. पयल्यापासून सांग, भिमाजीनं सांगितलं तसं, काही न गाळता.

पाणी मागितलं का त्यानं, आन् कुणी दिलं का, ते आधी सांग.

कृपा